मुलगी सुरगाण्याला, काळजी नाशिकला

पत्र: ताई, माझी मुलगी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सुरगाणा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाली आहे. तिथेच खोली घेतली आहे. शनिवारी काम आटोपलं की घरी येते आणि सोमवारी पहाटे पाचला परत निघते, कारण नऊच्या आत हजर व्हायचं असतं. पावसाळाभर एसटीने जात होती. दिवाळीत जुनी छोटी गाडी घेतली, आता एकटीच चालवत जाते. गाडी शिकली ती शहरात. वाटेत घाट, थंडी, धुकं, मोबाइलला रेंज नाही, त्यात बिबट्याच्या बातम्या. तिच्या आईला रविवारी रात्री झोप लागत नाही. मी दर अर्ध्या तासाने फोन करतो तर ती चिडते. हिवाळाभर एसटीने जा म्हटलं तर म्हणते, बाबा, तुम्ही उगाच घाबरवता. तिला मोठी, दणकट गाडी घेऊन द्यावी का? की नोकरीच बदलायला सांगू?
— एक वडील, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार भाऊ,

नोकरी बदलायला सांगू नका. तुमचा तो प्रश्न मी इथेच निकालात काढते. त्या उपकेंद्रावर तुमच्या मुलीसारखं कुणी टिकून राहिलं तर आसपासच्या पाड्यांवरच्या बायकांना बाळंतपणासाठी काय फरक पडतो, ते मी नोकरीच्या काळात त्या भागात जीपने फिरताना पाहिलं आहे. गाडीचा प्रश्न शेवटी घेऊ.

तुम्ही घाबरण्याच्या पाच गोष्टी लिहिल्यात: घाट, थंडी, धुकं, रेंज आणि बिबट्या. पण सगळ्यांत धोक्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि तिच्याबद्दल काही विचारलंच नाहीत. सोमवारी पहाटे पाच.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पाचला निघालेली मुलगी सलग दोन तास अंधारात गाडी चालवते. त्यातही दिंडोरी सोडल्यावर, वणीच्या अलीकडे-पलीकडे, ती नेमकी अशा वेळी असते जेव्हा रात्रभरची थंडी जमिनीवर बसलेली असते आणि धुकं सगळ्यांत दाट होत असतं. वर दोन दिवस घरी आराम झालेला, रविवारी रात्री गप्पांमुळे उशिरा झोप, साडेचारचा गजर. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर झोपच मागतं, कितीही चहा पाजा. काचा बंद, आत गरम हवा, समोर एकसुरी रस्ता. डुलकी लागायला आणखी काय हवं?

गेल्या काही वर्षांतले आपल्या भागातले मोठे अपघात आठवून पाहा. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्येच औरंगाबाद रोडवर खासगी बस पेटून १२ जण गेले, तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. १३ जानेवारी २०२३ ला सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरेजवळ बस आणि ट्रक धडकले, साईभक्त होते, १० जण गेले. तीही ऐन थंडीतली सकाळची सुरुवातीची वेळ. २ फेब्रुवारी २०२५ ला सापुतारा घाटात यात्रेकरूंची बस दरीत गेली, तीही पहाटेच. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, मी त्यात शिरत नाही. पण घड्याळाचे काटे जवळपास एकाच जागी आहेत, आणि तुमची लेक दर सोमवारी त्याच वेळी रस्त्यावर असते.

म्हणून पहिला आणि सगळ्यांत मोठा सल्ला: तिने सोमवारी पहाटे निघणं बंद करावं. रविवारी दुपारी जेवून दोनच्या आत निघावं. साडेचार-पाचपर्यंत उजेडात खोलीवर पोहोचते, सोमवारी ताजीतवानी कामाला लागते. दोनच का म्हणते? सापुताऱ्याहून परतणारे नाशिककर संध्याकाळी सूर्यास्त पाहून निघतात, आणि मग वणीपर्यंत समोरून एकामागून एक गाड्या, वळणावर ओव्हरटेक, डोळ्यांत घुसणारे पांढरे एलईडी. त्या गर्दीच्या आधी तिने सापुताऱ्याचा रस्ता सोडून बोरगावकडून सुरगाण्याच्या बाजूला आत वळलेलं बरं. हिवाळ्यात त्या बाजूला रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागतात. टोपली दिसली की पुढची गाडी इंडिकेटर न देता उभी राहते, हेही तिने गृहीत धरावं.

शनिवारचं काय? ती चारला निघू शकली तर वणीपर्यंत उजेड पुरतो आणि त्यापुढचा रस्ता वाहता असतो. पाच वाजून गेले की नाही. मग शनिवारी मुक्काम करावा आणि रविवारी सकाळी आठनंतर निघावं. हे वाचून तुम्ही म्हणाल, मग घरी राहणार किती? खरं आहे, हातात काहीच उरत नाही. त्यावर उपाय असा: महिन्यातले दोन शनिवार तिने यावं आणि दोन शनिवार तुम्ही दोघांनी जावं. एसटीने. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे वहिनींचं भाडं निम्मं. लेकीची खोली पाहाल, शेजारपाजारची माणसं ओळखीची होतील. या ओळखींचा उपयोग पुढे सांगते. आणि तिच्या आईला रविवारी रात्री झोप लागण्यासाठी मला तरी याहून चांगलं औषध ठाऊक नाही. ती कुठे राहते हे न पाहिलेल्या माणसाची काळजी अंदाजपंचे वाढत जाते.

एसटीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे आणि तिचंही अर्धं. गाडी असल्यामुळे तिला रात्री-अपरात्री पेशंटसाठी जाता येतं. ती सोय तिने सोडावी असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी बरं वाटत नाही, झोप झालेली नाही, किंवा आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून आभाळ मोकळं झालंय, त्या दिवशी गाडी खोलीवर ठेवून एसटीने यायला कमीपणा वाटू नये. रोज तोच रस्ता तुडवणाऱ्या चालकाला कुठल्या वळणावर काय आहे ते पाठ असतं.

पाऊस पडून आभाळ मोकळं झाल्याचं मुद्दाम लिहिलं. जमिनीत ओल, वारा पडलेला, आकाश निरभ्र, रात्र थंड, हे चारही जुळून आले की पहाटे धुकं हमखास. त्यात जवळ पाणी असेल तर विचारूच नका. दिंडोरी-वणी रस्त्याला ओझरखेड धरण लागतं, आसपास करंजवण, पुणेगाव. अशा पाणथळ पट्ट्यांत चारशे मीटर लख्ख आणि पुढच्या शंभर मीटरमध्ये बोनेटही दिसत नाही, असं होतं. सूर्य उगवला की लगेच निवळतं असाही समज आहे. बऱ्याचदा उगवल्यानंतरचा पहिला तास जास्त वाईट असतो, म्हणून मी रविवारी सकाळीसुद्धा आठनंतर म्हटलं.

तरीही धुक्यात सापडलीच तर? हेडलाइट खालच्या बीमवर. वरचा बीम लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. गाडीला फॉगलॅम्प असतील तर ते लावावेत. डावीकडची पांढरी पट्टी धरून हळू चालवावं. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याचा माग धरू नये, तो खड्ड्यात गेला तर आपणही जातो. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे ती तिने उचलू नये. त्यामुळे मागच्याला गाडी उभी आहे की चालते आहे कळत नाही आणि वळायचा इशाराही देता येत नाही. फारच दाट झालं तर पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठून आत थांबावं, रस्त्याच्या कडेला कधीच नाही.

काच आतून धुरकटते तेव्हा बहुतेक जण हाताने पुसतात. पुसल्याने तेलकट फराटे उठतात आणि समोरच्या दिव्यात तेच चमकतात. हवेची दिशा काचेवर, बाहेरची हवा आत घेणारं बटण, एसी चालू आणि तापमानाचा काटा गरमकडे, एवढं केलं की मिनिटभरात काच साफ होते. थंडीत एसी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तो हवेतली ओल काढतो, त्यासाठी. निघण्यापूर्वी काच आतूनही स्वच्छ कापडाने पुसलेली असावी. ही फुकटची गोष्ट आहे आणि शंभरातला एखादाच करतो.

आता अंधाराचं गणित. खालच्या बीममध्ये साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नीट दिसतं. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे साठला ती कशीबशी थांबते. ऐंशीला समोरचं दिसेल, पण ती थांबणार नाही. रस्ता कितीही गुळगुळीत असो, काळोखात साठच्या वर काटा जाता कामा नये, आणि वळणांवर त्याहून पुष्कळ कमी.

समोर काय काय असू शकतं हे शहरात शिकलेल्या माणसाला माहीत नसतं. दिंडोरी तालुक्यात कारखान्याचा हंगाम चालू असतो. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागून दिसतच नाहीत. रेडियमची पट्टी लावलेली असते, पण ती धुळीने माखते किंवा लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्याआड जाते. ऊसतोड्यांच्या बैलगाड्यांना तर दिवाच नसतो. समोरून एकच दिवा येताना दिसला म्हणजे मोटरसायकल असं समजू नये, तो एका डोळ्याचा ट्रॅक्टरही असतो आणि त्याची उरलेली रुंदी अंधारात आपल्या बाजूला असते. द्राक्षाच्या कामांवर पेठ-सुरगाण्याकडून मजूर पिकअपमध्ये दाटीवाटीने उभे राहून येतात. या पिकअप दिवस उगवायच्या आधी सुटतात आणि फाट्याफाट्यावर मध्येच थांबतात. संध्याकाळी तीच माणसं परत. शिवाय दिवेलागणीला घराकडे निघालेली गुरं. जनावर आडवं आलं तर स्टिअरिंग झटका देऊन फिरवायचं नाही. सरळ रेषेत ब्रेक. शेळी वाचवताना झाडावर गेलेल्या गाड्या या रस्त्याने पुष्कळ पाहिल्या आहेत.

शनिवारी रात्रीबद्दल आणखी एक, जरा नाजूक. गुजरातेत दारूबंदी आहे. सीमेच्या अलीकडच्या हॉटेलांपुढे शनिवारी रात्री ‘जीजे’च्या पाट्यांच्या गाड्या का उभ्या असतात हे वेगळं सांगायला नको. आपले लोकही मागे नाहीत. आठनंतर त्या रस्त्यावर समोरचा चालक शुद्धीत आहे असं धरून चालू नये.

घाटाला तुम्ही सगळ्यांत जास्त घाबरता, पण घाट शिकता येतो. एक सुट्टीचा दिवस काढा आणि ओळखीतला मुरलेला टॅक्सीवाला किंवा एसटीतून निवृत्त झालेला चालक तिच्या शेजारी बसवा. तुम्ही बसू नका, तुम्ही रिकाम्या जागी पाय दाबत बसाल. पेठ रस्त्याला सावळ घाट आणि कोटंबी घाट आहेत, तिथे दिवसाउजेडी तिच्याकडून दोन फेऱ्या करून घ्या. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे एकदा पायात बसलं की निम्मं काम झालं. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन गरजेला लागत नाही. करपल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबून तो निवू द्यावा, वरून पाणी ओतू नये. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरायचं तर नावच नको. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आणि आंधळ्या वळणावर रात्री हॉर्नपेक्षा डिपर आधी पोहोचतो.

रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या दिसल्या तर पुढे ट्रक बंद पडलेला आहे, ही आपल्याकडची जुनी खूण. तिला सांगून ठेवा. तसेच चाकाखाली लावलेले दगड. ट्रकवाले निघून जातात, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुसऱ्याचं चाक फोडतात. स्वतः कधी दगड लावला तर निघताना उचलून कडेला टाकायचा.

गाडी बंद पडली तर? शक्य असेल तर वळण ओलांडून सरळ पट्ट्यावर आणि डांबराच्या खाली घ्यावी. चारही इंडिकेटर आता लावायचे, त्यांचं काम हेच. लाल त्रिकोण मागे पन्नासेक पावलांवर. वाहतुकीच्या रस्त्यावर गाडीत बसून राहू नये, डोंगराच्या बाजूला, गाडीपासून लांब उभं राहावं. उजेड नसेल, वस्ती दूर असेल आणि गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर असेल, तर मात्र आत बसून दारं लावून मदतीची वाट पाहणं चांगलं. तशी वेळ आली तर इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायचं नाही. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. ती आरोग्य खात्यातली आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण खोलीवर कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावणाऱ्या पेशंटांना जे ती सांगत असेल, ते गाडीलाही लागू आहे. ऊब हवी तर गाडीत कायमची एक घोंगडी ठेवा. आपल्याकडे निफाडला पारा पाच-सहावर उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तेवढ्या थंडीत घोंगडी, कानटोपी आणि थर्मासमधला चहा असेल तर रात्र निघते. सोबत पाणी, बिस्किटं, चांगली बॅटरी. मोबाइलचा उजेड बॅटरी म्हणून वापरला की मोबाइल संपतो, तेव्हा हातातली वेगळी बॅटरी हवीच. आणि गाडीत मोबाइल चार्ज करायची केबल.

बिबट्या. दिंडोरी-निफाडच्या उसात तो आहेच आणि तोडणी सुरू झाली की जागा बदलतो, म्हणून हिवाळ्यात जास्त दिसतो. काचा वर असलेल्या गाडीला त्याच्यापासून काही भय नाही. गाडीतून उतरून उसाच्या कडेला अंधारात खाली बसणं टाळावं, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतो. लघवीला थांबायचं ते पंपावर किंवा वस्तीच्या हॉटेलवर. एवढी काळजी घेतली की बिबट्याला यादीतून काढून टाका. त्याच्या बातम्या मोठ्या होतात, बिनदिव्याच्या ट्रॉलीच्या होत नाहीत.

आता रेंज आणि तुमचे फोन. भाऊ, रागावू नका, पण दर अर्ध्या तासाने येणारा तुमचा फोन हा त्या रस्त्यावरचा एक धोकाच आहे. घाटात वळणावर बाबांचा फोन वाजतो. उचलला तर हात सुटतो, नाही उचलला तर मन अडकतं. त्याऐवजी तीन निरोप ठरवा. निघताना एक, वणीला गाडी थांबवून एक, पोहोचल्यावर एक. तिने वेळ सांगून निघायचं. वणीनंतर पोहोचल्याचा निरोप यायच्या वेळेत पाऊण तास जास्त धरा. तोवर तुम्ही फोनला हात लावायचा नाही. रेंज नसणं म्हणजे अपघात नसतो, तिथे रेंज नसतेच.

पाऊण तासानंतरही निरोप नाही, तर पुढचा फोन कोणाला, हे आधी ठरलेलं हवं. इथे त्या शनिवारच्या ओळखी कामाला येतात. तिच्या गावचा पोलीस पाटील, उपकेंद्राच्या शेजारचं घर, बोरगावच्या बाजूला ती जिथे चहाला थांबते तो टपरीवाला. हे तीन नंबर तुमच्याकडे कागदावर लिहिलेले असावेत. या माणसांना वाटेवर मोटरसायकल पिटाळून पाहून यायला अर्धा तास लागतो. तुम्हाला इंदिरानगरहून तीन. लुटारूंच्या गोष्टी तुमच्या कानावर आल्या असतील, सगळ्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या पाड्यांवर गाडी अडकल्यावर चार माणसं धावून येतात, हा माझा अनुभव आहे. ओळख असेल तर आठ येतात.

तिच्यासाठी: ११२ हा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर लागतो. कोणताच टॉवर नसेल तर अर्थातच नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ तिला पाठच असेल. फोन लागल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे आहात’ असतो, आणि ‘घाटात’ हे उत्तर पुरत नाही. म्हणून जाता-येता किलोमीटरचे दगड आणि फाट्यांची नावं पाहायची सवय हवी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा. पण त्याने दाखवलेला जंगलातला जवळचा रस्ता अंधारात कधी घेऊ नये. नकाशाला अंतर कळतं, मोरी वाहून गेल्याचं कळत नाही.

वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर ती थांबणारच, पेशाच तसा आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने नाव-गाव द्यायची सक्ती करू नये, असं संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ घालून दिलेलं आहे. तरी अंधारात एकटी असेल तर गाडी आधी सुरक्षित जागी लावावी, ११२ ला कळवावं, मग उतरावं. निर्जन जागी मन कचरलं तर पुढच्या वस्तीवर जाऊन चार माणसं घेऊन यावं. त्याला पळ काढणं म्हणत नाहीत.

राहिला मोठ्या गाडीचा प्रश्न. नका घेऊ. उंच, जड गाडीत माणसाला सुरक्षित वाटतं आणि तो जोरात चालवतो. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॉली आली की छोटी गाडीच कडेला बसते. तो पैसा आहे त्या गाडीत घाला. जुनी घेतली म्हणालात, तर चारही टायर मोकळ्या मनाने पाहा. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, घाटाला मी त्याच्या दुप्पट असल्याशिवाय जाऊ देणार नाही. टायर कधी बनला ते त्याच्या कडेवर चार आकड्यांत छापलेलं असतं, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सहा वर्षांहून जुना असेल तर नक्षी कितीही दिसो, बदला. थंडीत हवा आपोआप कमी होते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड, म्हणून हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर ऐन थंडीत दगा देते. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे मागच्या मालकाला विचारा, बहुधा त्याला आठवणार नाही, तेव्हा बदलूनच टाका. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या. पिवळ्या काचेने उजेड निम्मा होतो आणि लोक बल्ब बदलत बसतात. टाकी वणीला भरून घ्यायची, अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. सीएनजी असेल तरी पेट्रोलची टाकी भरलेली हवी.

आणि स्टेपनी. पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तिच्याकडून एकदा चाक बदलून घ्या, पहिल्या नटापासून शेवटच्यापर्यंत, तुम्ही हात न लावता. जॅक आहे का, पाना नटांना बसतो का, स्टेपनीत हवा आहे का, हे तिथेच कळेल. नट जमिनीवर चाक टेकलेलं असताना सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे बऱ्याच पुरुषांनाही माहीत नसतं. कारखान्यात मशिनने आवळलेले नट हाताने निघत नाहीत, त्यासाठी लांब दांड्याचा पाना चारपाचशे रुपयांत मिळतो, तो डिकीत टाकून द्या.